क्लच प्लेट घरी बदलायची की गॅरेजला द्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या २००८ च्या वॅगन आरचा क्लच मी आणि मामेभावाने कराडला घरच्या अंगणात बदलला होता. नंतर स्विफ्टची वेळ आली तेव्हा मी गुपचूप पुण्यात गॅरेजला चावी देऊन मोकळा झालो. दोन्ही बाजू बघितल्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून तेच तेच विचारत असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

एका वाक्यात सांगा, घरी करू की गॅरेजला देऊ?

गॅरेजला द्या. पण गाडी देण्याआधी खरंच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, झिजणारी चकती) गेलीये का ते स्वतः तपासा, आणि काम चालू असताना शक्य असेल तर तिथे थांबा. घरी करायचं असेल तर हौस म्हणून करा, पैसे वाचवायला नको.

पण यूट्यूबवर तर सगळे म्हणतात की घरी केलं की निम्म्याहून जास्त पैसे वाचतात?

ते व्हिडिओ कुठले आहेत ते आधी बघा ना. बहुतेक अमेरिका नाहीतर इंग्लंडचे असतात आणि तिकडे पार्टपेक्षा मजुरी महाग. माझा एक चुलतभाऊ न्यू जर्सीला आहे, त्याला गॅरेजने क्लचचे हजार डॉलरच्या वर सांगितले आणि त्यात निम्म्याहून जास्त नुसती मजुरी, मग तो माणूस दोन शनिवार गाडीखाली घालवणारच. आपल्याकडे गणित उलटं आहे. वॅगन आरच्या वेळी क्लचचा सेट मला ३,२०० ला पडला होता आणि कराडचा मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून बसवायचे १,८०० मागत होता. म्हणजे सगळं अगदी नीट झालं तरी वाचणार १,८००. त्यासाठी मी गाडी टेकवायला दोन लोखंडी घोड्या, गोटी पान्यांचा सेट आणि एक लांब दांडा घेतला, २,६०० गेले. वर आईने दोन दिवस चहा-जेवण अंगणात आणून दिलं ते वेगळंच. आता तर सगळेच आकडे वाढलेत, पण छोट्या गाडीला मजुरी आणि पार्ट यांचं आपल्याकडचं प्रमाण साधारण असंच राहतं, मजुरी पार्टच्या पुढे फारशी जात नाही.

मुळात क्लच प्लेट गेलीये हे कसं ओळखायचं?

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे इंजिनचा आवाज चढतो पण गाडी उचलत नाही. सपाट रस्त्यावर हे पटकन कळत नाही, चढावर कळतं. मला खंबाटकीला कळलं, तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढूनच जावं लागायचं ना (येताना बोगदा होता), तर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबतोय, इंजिन नुसतं ओरडतंय आणि काटा ४० च्या पुढे सरकेना, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, आणि मग तो वास. जळक्या ब्रेकसारखा, थोडा करपलेल्या कागदासारखा, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

घरी बघायचं असेल तर मोकळ्या जागेत, समोर माणूस किंवा भिंत नसताना हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडायला पाहिजे. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन आरामात चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करायचं, मित्राला दाखवायला परत परत केलं तर उरलीसुरली प्लेट तिथेच संपेल.

गिअर पडताना करकर आवाज येतो, रिव्हर्स तर पडतच नाही. प्लेट गेली का?

बऱ्याचदा नाही! आणि इथेच लोक फुकट पैसे घालवतात. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे धरत नाही. तुमच्याकडे उलटं होतंय, क्लच सुटत नाहीये. जुन्या ऑल्टो, वॅगन आर असल्या गाड्यांना क्लच केबलवर चालतो, केबल ताणली गेली किंवा तिचे तार तुटायला लागले की पेडल पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटतो. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट असतो, तो फिरवून पेडलची चाल कमी-जास्त करता येते. पाना आणि दहा मिनिटं, एवढंच काम. पेडलला वरच्या बाजूला थोडी सैल चाल राहिली पाहिजे, किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ही चाल अजिबात नसेल तर उलटा त्रास होतो, चांगली प्लेटसुद्धा घसरायला लागते कारण पेडल न दाबताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. म्हणजे घसरतोय असं वाटलं तरी आधी केबल बघा.

ऑईलवर चालणारा क्लच असेल (आता बऱ्याच गाड्यांना असतो) तर ऑईलची पातळी बघा. पेडल खाली जाऊन तिथेच बसत असेल, किंवा दोनचार वेळा पंप केल्यावर गिअर पडत असेल, तर हवा शिरलीये नाहीतर सिलिंडर गळतोय. पेडलच्या वर कार्पेटपाशी बोट फिरवून बघा, ओलं लागलं तर उत्तर मिळालंच. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑईलचे प्रकार) लिहिलेलं असतं, तेच टाकायचं.

केबल बदलणं, ऑईल बदलून हवा काढणं, ही कामं खुशाल घरी करा. गाडीखाली जावं लागत नाही किंवा फार थोडं लागतं, चुकलं तरी परत करता येतं.

क्लच दाबला की घर्रर्र आवाज येतो आणि सोडला की थांबतो?

रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग. याच्या उलट, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढला की आवाज येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर संशय घ्या, तो वेगळा खर्च आहे. बेअरिंग स्वतः स्वस्त असतं पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून नुसतं बेअरिंग बदलायचं म्हटलं तरी मजुरी तीच.

घरी करायचंच ठरवलं तर काय काय लागतं?

पान्यांची यादी सगळे देतात, म्हणून मी आधी बाकीचं सांगतो. एक, जागा. तुमची, आणि दोन दिवस गाडी तशीच उघडी राहिली तरी कुणी बोलणार नाही अशी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा विचार डोक्यातून काढून टाका. पेव्हर ब्लॉकवर गिअर ऑईल सांडलं की सेक्रेटरी तुम्हाला वार्षिक सभेत उभं करतो. दोन, दुसरा माणूस, आणि असा की जो मधेच "आलोच जरा" म्हणून जाणार नाही. तीन, दुसरी गाडी किंवा स्कूटर, कारण रविवारी संध्याकाळी पाच वाजता एक सील कमी आहे असं कळतंच आणि ते आणायला कशावर जाणार?

मग सामान. गाडी टेकवायला चांगल्या जाड लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, विटांवर तर नाहीच नाही, वीट अचानक फुटते. गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिन एका बाजूने लोंबतं, त्याला खालून वेगळा जॅक आणि मधे लाकडी फळी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. छोट्या गाडीचा गिअरबॉक्स ३० किलोच्या वर असतो, आडवं झोपून छातीवर घेऊन तो उचलणं आणि जिममध्ये ३० किलो उचलणं यात खूप फरक आहे. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्टार्टर मोटर सोडवताना पाना चुकून टेकला तर ठिणगी उडते.

तुम्हाला नक्की कुठे अडलं?

काढताना काहीच अडलं नाही, दुपारी दोनपर्यंत गिअरबॉक्स खाली. आम्ही इतके खूश की मामेभाऊ म्हणाला संध्याकाळी महाबळेश्वरला चक्कर मारू. बसवताना रडवलं.

होतं काय, क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती) आणि प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारं झाकण) यांच्या मधे दाबून बसते, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या मधल्या भोकातल्या दात्यांतून आरपार जावा लागतो. प्लेट केसभर जरी मधोमध नसली तरी शाफ्ट जात नाही. प्लेट मधोमध धरायला एक साधी दांडी मिळते, ती आम्ही घेतली नव्हती, "डोळ्याने लावू की" म्हणून. साडेचार ते साडेसात, तीन तास गिअरबॉक्स वर ढकलतोय, बोटभर फट राहतेय आणि तिथेच अडकतोय. मामेभाऊ म्हणाला बोल्ट लावून ओढून घेऊ, आपोआप बसेल. हे करू नका!! त्या फटीत काहीतरी अडलंय म्हणून ती फट आहे, बोल्टने ओढलं की गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या खोळीचा कान तुटतो नाहीतर प्लेटचं मधलं बूड वाकतं. तसंच गिअरबॉक्स अर्धा आत गेलाय म्हणून हात सोडून त्याला शाफ्टवर लटकवून ठेवायचा नाही, प्लेट वाकते आणि मग नवीन क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो.

शेवटी परत सगळं खाली घेतलं. एका लांब गोटीला इन्सुलेशन टेप गुंडाळत गुंडाळत ती प्लेटच्या भोकात घट्ट बसेल एवढी जाड केली, पुढचं टोक क्रँकच्या खोबणीत, आणि तशी प्लेट धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. मग शाफ्टच्या दात्यांना अगदी बोट पुसल्यासारखं ग्रीस (जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं). गिअरबॉक्स वर धरला, मामेभावाने वरून पुलीच्या नटला पाना लावून इंजिन जरासं फिरवलं आणि "टक" करून आत. तो टक आवाज मला अजून आठवतो. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. महाबळेश्वर राहिलंच.

अजून एक, प्लेटला पुढची-मागची बाजू असते. साधारणपणे मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे येतो, बहुतेक प्लेटवर लिहिलेलंही असतं. काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

नुसती प्लेट बदलली तर चालेल का? प्रेशर प्लेट चांगली दिसतेय.

चालेल पण शहाणपणाचं नाही. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, आत काय बदललं त्याची नाही. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. उघडलंच आहे तर इंजिनच्या मागचं ऑईल सील बघा, तिथून ऑईल पाझरत असेल तर नवीन प्लेटही तेलकट होऊन सहा महिन्यांत परत तेच. सील स्वस्त असतं. फोर्क (बेअरिंगला ढकलणारा काटा) जिथे टेकतो ती जागा झिजलीये का तेही बघून घ्या.

मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हीलपण बदलावं लागेल. फसवतोय का?

फोनवर "हो" म्हणू नका, जाऊन बघा. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग, बारीक तडे, किंवा नख अडकेल अशा गोल खाचा दिसल्या तर त्याचं म्हणणं खोटं नाही. पण साध्या फ्लायव्हीलचे डाग आणि हलक्या खाचा लेथवर नेऊन पातळ साफ करून मिळतात, सरसकट बदलायची गरज नसते. तडे खोल असतील तर मात्र बदला.

काही गाड्यांना, जास्त करून डिझेलला, दोन भागांचं फ्लायव्हील असतं ज्याच्या पोटात स्प्रिंगा असतात. ते लेथवर नेत नाहीत, गेलं की नवीनच, आणि त्याची किंमत क्लचच्या सेटपेक्षा जास्त असू शकते. तुमच्या गाडीला कुठलं आहे ते इस्टिमेट घेतानाच विचारा, नंतर धक्का नको.

पार्ट मी आणून दिले तर मेकॅनिक बसवून देईल का?

काही जण देतात, काही तोंड वाकडं करतात कारण पार्टवर त्यांना दोन पैसे सुटतात, आणि त्यात चूक काही नाही. मी स्विफ्टच्या वेळी नाना पेठेतून सेट आणला, मेकॅनिकला आधीच सांगून. तोटा एवढाच की नंतर आवाज आला तर तो म्हणणार तुमचा पार्ट खराब, दुकानदार म्हणणार बसवताना चूक झाली, आणि आपण दोघांच्या मधे लटकलेले. म्हणून ओळखीचा मेकॅनिक असेल तर त्यालाच आणू द्या, फक्त डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. स्वतः आणणार असाल तर चॅसिस नंबर घेऊन जा, एकाच नावाच्या गाडीला वर्षाप्रमाणे आणि इंजिनप्रमाणे प्लेटचा व्यास आणि दाते बदलतात. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी असे नावाजलेले किंवा कंपनीचा ओरिजिनल घ्या, आणि डब्यावर नाव आहे म्हणजे आत तेच आहे असं समजू नका, डुप्लिकेट भरपूर फिरतो, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचा?

गाडी वॉरंटीत असेल तर सेंटर, पण क्लच हा झिजणारा पार्ट धरतात त्यामुळे फुकट बदलून मिळेल ही आशा ठेवू नका, बनावटीतला दोष निघाला तरच काही होतं. गाडी जुनी झाली असेल तर बाहेरचा, ज्याने तुमच्याच मॉडेलचे क्लच केलेत असा. हात बसलेला माणूस आणि एक पोऱ्या मिळून छोट्या गाडीचं काम चार-पाच तासांत संपवतात.

मला एकदा एका सेंटरमध्ये (दुसऱ्या गाडीसाठी) क्लचचं इस्टिमेट मिळालं त्यात "क्लीनिंग चार्जेस", "कन्झ्युमेबल्स" असं धरून मूळ आकड्यावर दीड हजार चढले होते. विचारल्यावर अर्धे कमी केले. म्हणजे विचारायचं.

गॅरेजला आधी काय काय विचारून घेऊ?

गिअर ऑईल नवीन टाकणार की काढलेलंच परत ओतणार, हा पहिला प्रश्न. मग लेथचा खर्च मजुरीत धरलाय की वेगळा, जुने तिन्ही पार्ट परत देणार का, आणि काम केल्यावर काही झालं तर किती दिवस बघणार. जुना माल हातात घेऊन बघाच. झिजलेल्या प्लेटवर रिव्हेट आणि वरचा थर जवळपास एका पातळीत आलेले दिसतात. रिव्हेट अजून चांगले खोल असतील आणि प्लेट कोरडी असेल, तर तुमचा त्रास बहुतेक केबलचा किंवा क्लच ऑईलचा होता आणि पैसे गेले.

कुठल्या गाडीला घरी हात लावूच नये?

एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली पण आत साधाच क्लच असलेली गाडी. प्लेट बदलणं तसंच आहे, पण नंतर स्कॅनर लावून गाडीला नवीन क्लच "शिकवावा" लागतो, त्याशिवाय ती झटके मारते. ड्युअल क्लचवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाड्या तर बघूसुद्धा नका. उलट ओम्नीसारखी गाडी, इंजिन सीटखाली आणि गिअरबॉक्स मागे सरळ निघणारा, शिकायला त्यातल्या त्यात सोपी, जुने मेकॅनिक डोळे झाकून करतात.

आतली धूळ हवेने उडवून साफ करतात, ते बरोबर आहे का?

नाही. ती प्लेटची झिजलेली पूड आहे, जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉसही असू शकतो, फुफ्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा, तोंडावर मास्क लावा. गॅरेजमध्ये पोऱ्या हवा मारत असेल तर निदान तुम्ही लांब उभे रहा, आणि त्यालाही सांगा.

माझा क्लच ४० हजारातच गेला, मित्राचा लाखाच्या वर चालला. असं का?

तुम्ही हाफ क्लचवर गाडी धरता म्हणून. चढावर सिग्नलला थांबताना हँडब्रेक न ओढता क्लच-ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय कायम पेडलवर टेकवून ठेवणं, या दोन सवयींनीच निम्मा क्लच जातो. पाय नुसता टेकवला तरी बेअरिंगवर थोडा दाब राहतो. घाट चढताना दुसऱ्यात टाकायची वेळ आली की टाका, तिसऱ्यात क्लच अर्धा दाबून ओढत बसू नका. आणि गाडी चिखलात रुतली की लोक पहिल्यात घालून क्लच सोड-धर करत बसतात, त्या दहा मिनिटांत वर्षाची झीज होते, त्यापेक्षा चार माणसं बोलवा.

नवीन क्लच टाकलाय, पेडल हलकं लागतंय आणि गाडी वेगळ्याच ठिकाणी उचलते. चुकलंय का काही?

बहुतेक नाही. जुन्या झिजलेल्या क्लचची पायाला सवय झालेली असते, त्यात पेडल जड होतं आणि गाडी पार वरच्या टोकाला धरत होती, आता ती मधेच किंवा खालीच धरते, म्हणून पहिले दोन दिवस गाडी सिग्नलला बंद पडते आणि लाज वाटते. पहिले काही शे किलोमीटर जोरात रेस देऊन सोडू नका, प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना बसू द्या. केबलची गाडी असेल तर आठवड्याने पेडलची चाल परत एकदा बघा. आणि गाडीखाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा रात्रभर, सकाळी त्यावर तेलाचा थेंब दिसला तर बहुतेक चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचं सील नीट बसलेलं नाही, तेवढ्यासाठी लगेच मेकॅनिककडे जा. आमच्या वॅगन आरच्या पुठ्ठ्यावर दोन थेंब होते, डाव्या बाजूला, आणि तो शाफ्ट परत काढायला अजून एक रविवार गेला.